मिरचीचं रोप मान टाकतं तेव्हा

दिवाळी उलटली की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपांच्या जुड्या दिसायला लागतात. वीस-पंचवीस रोपं एकत्र, मुळांना ओल्या मातीचा हात फिरवलेला, वरून केळीच्या सोपटाची पट्टी गुंडाळलेली. बघताक्षणी घ्यावीशी वाटतात. नवखा माणूस ती शुक्रवारी घेतो, सुट्टी म्हणून रविवारी सकाळी अकरा वाजता लावतो, वरून बादलीभर पाणी ओततो, आणि मंगळवारी विचारतो, 'रोपंच खराब होती का हो?'

रोपं बहुतेक वेळा चांगलीच असतात. मी हे ठामपणे सांगते, कारण लग्नानंतर फोंड्याकडच्या या घरी पहिल्या वर्षी मी लावलेल्या तीस रोपांपैकी सात जगली. सासूबाई मूळच्या हरमलकडच्या, मिरचीच्याच गावच्या. त्या पायरीवर बसून तीन दिवस माझी धावपळ बघत होत्या. चौथ्या दिवशी मी पुन्हा कळशी घेऊन निघाले तेव्हा म्हणाल्या, 'ताका मातशें रावूं दी गो.' जरा राहू दे त्याला. मी त्या रोपांना दिवसातून तीनदा पाणी घालत होते. उन्हाने मेली नसती तर पाण्याने मेलीच असती.

हे लिहिते आहे ते मिरचीबद्दल, पण वांग्यालाही जवळजवळ सगळं लागू आहे. टोमॅटोचा एक मोठा फरक आहे, तो पुढे येईल.

रोप मरतं कशाने

ही एक गोष्ट समजली की पुढचं अर्धं आपोआप कळतं. झाडाचं पाणी जाडी मुळं ओढत नाहीत. मुळांच्या कोवळ्या टोकांपाशी केसांहून बारीक तंतू असतात, ते ओढतात. आपण रोप उपटतो तेव्हा ही टोकं आणि तंतू मातीतच तुटून राहतात. हातात येतं ते पांढरं मूळ दिसायला धडधाकट असतं, पण पाणी पिण्याच्या कामी जवळपास निकामी. वर पानं मात्र तशीच असतात आणि ऊन-वाऱ्यात पाणी सोडत राहतात. खालून आवक बंद, वरून खर्च चालू. म्हणून रोप मान टाकतं.

नवे तंतू फुटायला तीन-चार दिवस तरी लागतात. तेवढे दिवस वरचा खर्च कमी ठेवायचा आणि खाली मुळाला मातीची नीट पकड मिळवून द्यायची, एवढंच आपलं काम. जास्त पाणी घातल्याने तंतू लवकर फुटत नाहीत. उलट मातीतली हवा निघून जाते आणि उरलेलं मूळही गुदमरतं.

कधी लावायची

गोव्यात मिरचीचे दोन हंगाम. एक पावसाळी: काणकोणात खोल्याच्या डोंगरउतारांवर होते ती प्रसिद्ध खोला मिरची पावसावरच वाढते. बी पावसाआधी टाकतात आणि पाऊस लागला की रोपं उतारावर नेऊन लावतात. उतार असल्यामुळे पाणी थांबत नाही, हे तिथलं मर्म. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सपाट परसात त्या पावसात मिरची लावणं म्हणजे रोप तळ्यात सोडणं. लावायचीच असेल तर फूटभर उंच गादीवाफा करा.

दुसरा हंगाम वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचा. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की त्याच शेतात मिरची, वांगी, कांदा, अळसांदे (आमच्याकडची चवळी). बी ऑक्टोबरमध्ये, लावणी नोव्हेंबर-डिसेंबरात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. आभाळ साफ, रात्री गार, पाणी आपल्या हातात. एकच त्रास म्हणजे या दिवसांत सकाळी घाटाकडून येणारा कोरडा वारा. कोवळ्या रोपाचं पाणी तो उन्हाइतकंच पळवतो, आणि ऊन दिसतं तसा तो दिसत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये उत्साहाने रोपं लावणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी नाही म्हणत नाही, फक्त दुप्पट रोपं घ्या म्हणते.

रोप घरचं की बाजारचं

घरचं केलेलं केव्हाही बरं, कारण ते कपात वाढवता येतं आणि कपातलं रोप मातीच्या गोळ्यासकट जमिनीत जातं. तंतू तुटायचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. दोन वर्षांच्या आतलं बी घ्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठ ते बारा दिवसांत कोंब वर येतो. भोवती राखेची रेघ ओढा, नाहीतर मुंग्या बी एकेक करून घेऊन जातात आणि आपण दुकानदाराला दोष देत बसतो.

मातीचं माप मी असं धरते: दोन वाटे चाळलेली तांबडी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. कोकोपीट पाण्यात भिजवून तीनदा पिळून घ्या. नारळाचं सोडण मुळातच क्षार धरून असतं, आणि खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर जास्तच. न धुता वापरलं तर रोपाच्या पानांच्या कडा जळतात. कपाला खाली भोक हवंच. रोपं दाट आली असतील तर बियातून आधी निघणाऱ्या दोन बीजदलांच्या वर खरी दोन पानं फुटताच वेगवेगळ्या कपांत हलवा. हेसुद्धा एक लहानसं स्थलांतरच. इथे रोप धरायची सवय लावून घ्या: बोट नेहमी पानाला, देठाला, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडाला, कधीच नाही. पान चुरगळलं तर दुसरं येईल. त्या वयात देठ दाबला गेला तर रोप तिथेच संपतं, आणि ते आपल्याला दोन दिवसांनी कळतं.

बाजारची जुडी घेतलीत तर घेतली त्याच संध्याकाळी लावा. जुडी हातात घेऊन मुळांकडचा वास घ्या. आंबूस, कुजका वास आला तर ठेवून द्या. पानं मागून बघा. वर किंवा खाली वळलेली, चुरडलेली पानं असतील तर फुलकिडे किंवा कोळी जुडीबरोबर फुकट घरी येतात. उंच, लकलकीत, फिकट रोपं लोक आधी उचलतात. मी बुटकी आणि जाड देठाची शोधते. कृषी खात्याच्या फार्मवर रोपं मिळतात तेव्हा तिथली घ्यायलाही हरकत नाही. आधी फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो.

तयार झालं हे कसं ओळखायचं

मिरचीला पेरणीपासून ३५ ते ४५ दिवस. पण दिवस मोजण्यापेक्षा रोप बघा. चार ते सहा खरी पानं, वीतभरापेक्षा थोडी कमी उंची, आणि देठ बुडाशी हिरव्याचा किंचित करडा-जांभळा व्हायला लागलेला. कप उलटा करून बघितलं तर मुळांनी माती धरलेली हवी, पण कपाच्या तळाशी मुळांची चुंबळ झालेली नको. चुंबळ झालीच असेल तर बोटाने बाहेरची मुळं हलकेच मोकळी करा. तशीच लावली तर मूळ त्या गोल सवयीतून बाहेर येत नाही आणि झाड महिनाभर जागच्या जागी उभं राहतं.

पन्नास दिवस उलटलेलं, कपातच कळ्या आलेलं रोप घेऊ नका. ते वयात आलेलं असतं. त्याला आता मुळं वाढवण्यात रस नसतो.

उन्हाची सवय

हा टप्पा सगळेच गाळतात. ओसरीत किंवा हिरव्या जाळीखाली वाढलेल्या रोपाचं पान पातळ, मऊ असतं. त्याला एकदम डिसेंबरच्या दुपारी उघड्यावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी पानावर कागदासारखे पांढरे डाग पडतात. तो रोग नाही, पान भाजलेलं असतं.

लावणीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज तासाभराने वाढवत न्या. शेवटचे दोन दिवस रोप दिवसरात्र बाहेर राहिलं पाहिजे. याच काळात पाणी थोडं कमी करा: पान किंचित मलूल होऊ द्या आणि मगच घाला. पान जाड होतं, देठ आखडतो, रोप जरा राकट दिसायला लागतं. दिसायला वाईट, जगायला चांगलं. खत या आठवड्यात अजिबात नको.

बाजारच्या रोपांची ही सवय कुणी केली होती की नाही हे आपल्याला कळत नाही. म्हणून त्यांना सावली जास्त दिवस द्यावी लागते.

खड्डा

रोपाच्या आधी आठवडाभर खड्डा तयार हवा. ओळींत दोन फूट, रोपांत दीड फूट. ओंजळभर जुनं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मातीत नीट मिसळून एकदा पाणी देऊन सोडून द्या. ताजं शेण घालू नका. ते मातीत तापतं, कोवळं मूळ जळतं आणि त्याच्यामागून मुळं खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच.

गोव्याची जांभ्याची माती आंबट. मिरचीला ती चालते, पण फार आंबट असेल तर चुना लागतो. चुना किती ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. कृषी खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात विचारा, किंवा जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करा. चुना घातलात तर शेणखत त्याच दिवशी घालू नका, निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र आले की खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. चुलीची राख थोडी चालते. थोडी म्हणजे खरंच थोडी, चिमटीत मावेल एवढी.

खाजनाजवळ, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांजवळ, राहणाऱ्यांनी विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघावं. जानेवारीत गोड लागणारी बांय (विहीर) मार्चमध्ये मचूळ होते. मोठं झाड ते काही दिवस सोसतं, नवं रोप नाही.

लावणीची संध्याकाळ

वेळ: ऊन उतरल्यावर, साधारण साडेचारनंतर. ढगाळ दिवस असेल तर सोन्याहून पिवळं. संध्याकाळी लावलेल्या रोपाला लागलीच बारा-चौदा तास थंडावा मिळतो. सकाळी लावलं तर दोन तासांत त्याची परीक्षा सुरू.

तासभर आधी कपांना पाणी द्या. कोरडा गोळा हातात फुटतो, चिखल झालेला गळून पडतो, मधला हवा. खड्ड्यालाही थोडं पाणी देऊन जिरू द्या. आता कप डाव्या हातात, रोपाचा देठ पहिल्या दोन बोटांच्या फटीत, तळहात मातीवर. कप उलटा करा आणि बुडाला उजव्या हाताने एक टिचकी. गोळा अलगद तळहातावर उतरतो. उतरला नाही तर देठ ओढू नका, कपाला चीर द्या. पन्नास पैशांच्या कपासाठी दीड महिन्याचं रोप घालवणारे मी पाहिले आहेत. त्यातली एक मीच.

जुडीचं रोप असेल तर मुळं ओल्या फडक्यात ठेवा आणि एकेकच बाहेर काढा. मांडून ठेवून मग ओळीने लावत गेलात तर शेवटच्या रोपाची मुळं तोवर वाळलेली असतात. लांबलचक सोटमूळ खड्ड्यात दुमडून कोंबू नका. ते कात्रीने थोडं छाटलेलं परवडतं, वर वळलेलं परवडत नाही. पानं जास्त असतील तर खालची एक-दोन खुडून टाका; खर्च कमी.

खोली किती? रोप कपात जेवढं खोल होतं, तेवढंच. मिरचीचा देठ मातीत गाडला तर बुडाशी कुजतो, विशेषतः ओल्या जागी. टोमॅटोचा फरक तो हाच: त्याच्या देठाला मातीत नवी मुळं फुटतात, म्हणून त्याला खालची पानं काढून खोल गाडलेलं मानवतं. शेजारच्या टोमॅटोवाल्याचं ऐकून मिरची गाडू नका.

माती चारही बाजूंनी लोटा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. पोळीचा गोळा दाबतो तेवढंच, पायाने तुडवायचं नाही. मग पानाचं टोक चिमटीत धरून हलकंसं ओढून बघा. पान तुटायच्या बेतात आलं तरी रोप हललं नाही, म्हणजे बसलं. हललं, तर मुळाभोवती पोकळी आहे आणि तिथे मूळ हवेत लोंबकळतं आहे. शेवटी लोट्याने बुडाशी सावकाश पाणी, प्रत्येकी अर्धा ते एक लिटर. हे पाणी प्यायला कमी आणि माती बसवायला जास्त. पाईपची धार नको. धारेने माती धुऊन जाते आणि रोप आडवं होतं.

रोप लवचिक असेल तर नारळाचा हीर बाजूला रोवून सोपटाच्या दोरीने सैल बांधा. सुतळी करकचून बांधलेली मला बघवत नाही.

पहिले चार दिवस

सावली लगेच, त्याच संध्याकाळी. आमच्याकडे चुडताचे, म्हणजे माडाच्या झावळीचे, तुकडे पश्चिमेकडून तिरपे रोवतात. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं अडतं. गिरीपुष्पाच्या पाल्याच्या डहाळ्या खोचल्या तरी चालतं. त्यांचा फायदा असा की पानं रोज थोडी वाळून गळतात आणि सावली आपोआप विरळ होत जाते. चार दिवसांनी रोपाला ऊन हवं असतं, तेव्हा डहाळीवर पानंच उरलेली नसतात. जुन्या लोकांनी हे मुद्दाम ठरवलं होतं की नुसतं हाताशी होतं म्हणून केलं, कोण जाणे. बादली किंवा प्लास्टिकची पिशवी उपडी घालू नका. आत भट्टी होते.

पाणी दिवसातून एकदा, सकाळी. त्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर कळशी परत न्या. हो, तहानलेलं दिसलं तरी परत न्या.

दुपारी बारा ते तीन रोप मान टाकणारच. पानं खाली, शेंडा वाकलेला, पाहून पोटात कालवतं. घड्याळ बघा. संध्याकाळी सहाला मान वर आली, तर सगळं ठीक चाललं आहे. त्याचा पाण्याचा हिशेब दिवसा चुकतो आणि रात्री जुळतो. रोज मान टाकण्याची वेळ थोडी थोडी पुढे सरकत जाते. आज बाराला, उद्या एकला, परवा दोनला. माझ्या दृष्टीने रोप लागतंय याची हीच खूण. पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारभर ताठ राहिलं की सावली काढा. शेंड्यात पोपटी, चकचकीत नवं पान दिसलं की मूळ धरलं.

खालचं एखादं पान पिवळं होऊन गळेल. गळू द्या.

सकाळीही मान खाली असेल तर

आता मात्र बसून बघायला हवं. पहाटे गारव्यात, दंव पडलेलं असताना रोप मलूल असेल तर कारण दुसरं आहे.

माती कोरडी आणि रोप मलूल: पाणी कमी, सोपं आहे. माती ओली आणि रोप मलूल: पाणी जास्त. दोन दिवस पाणी बंद, बुडाजवळची माती काडीने हलकेच भुसभुशीत करा, वाफ्याला चर काढा.

देठ मातीच्या रेषेपाशी दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी होऊन रोप आडवं झालं असेल तर ती बुरशीची मर. ते रोप गेलं. शेजारच्यांना वाचवायचं तर ओल कमी करा, हवा खेळती ठेवा. पुढच्या वेळी बी आणि माती दोन्हीला ट्रायकोडर्मा लावून घ्या. ही चांगली बुरशी आधीच मुळापाशी बसली की वाईट बुरशीला जागा मिळत नाही.

देठ कोयत्याने कापल्यासारखा, शेंडा बाजूला पडलेला: रात्री कुरतडणारी अळी. बुडाशी दोन बोटं माती उकरा, करडी जाड अळी वेटोळं करून झोपलेली सापडते. काढा आणि कोंबड्यांना द्या. पुढच्या रोपांना जाड कागदाची नळी गळ्याभोवती घाला, अर्धी मातीत. पानं कुरतडलेली आणि चकचकीत चिकट माग दिसला तर गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन वेचण्याशिवाय मला दुसरा खात्रीचा उपाय सापडलेला नाही. हातमोजे घाला. मोर, माकडं आणि शेजारच्या कोंबड्या यांवर काही लिहीत नाही. कुंपण घाला.

आणि शेवटचा प्रकार, ज्याला मी खरोखर घाबरते. रोप आठ-दहा दिवसांचं, छान लागलेलं, नवी पानं आलेली, आणि अचानक सगळंच्या सगळं हिरवंच्या हिरवं कोमेजतं. पिवळं नाही, डाग नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचं. ही जिवाणूजन्य मर असू शकते. आपल्या आंबट, ओलसर, उष्ण मातीत ती चांगलीच पसरते आणि वांगी, टोमॅटो, मिरची या एकाच कुळातल्या तिघांना धरते. घरी पारख करता येते. काचेचा स्वच्छ पेला पाण्याने भरा आणि पाणी स्थिर होऊ द्या. मेलेल्या रोपाचा बुडाकडचा दोन इंच देठ धारदार सुरीने कापा, धुवा, आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा चिमट्याने पेल्याच्या कडेला लटकवा. मागे काळा कागद धरा आणि हात न लावता थांबा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धुरासारखी एक बारीक रेघ खाली उतरताना दिसली, तर ते जिवाणू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अगरबत्ती उलटी पेटवल्यासारखं वाटलं.

अशा रोपावर औषध मारत बसू नका. मुळासकट, भोवतालच्या मातीसकट उपटून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका, सुरी उकळत्या पाण्यातून काढा. त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षं मिरची-वांगी-टोमॅटो नाही. भेंडी, चवळी किंवा मका घ्या. वांग्याच्या बाबतीत ही मर सोसणाऱ्या जाती एलाच्या संस्थेत तयार झाल्या आहेत, त्यांची चौकशी करा. त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वाहून जाणार नाही हेही बघा. पाटाने पाणी देणाऱ्यांचं नुकसान इथेच जास्त होतं.

फ्लॅटवाले

पर्वरी-ताळगावच्या बाल्कनीत कुंडी निदान बारा इंची घ्या. लहान रोप मोठ्या कुंडीत लावलं की माती लवकर सुकत नाही, म्हणून पाणी आणखी कमी. काळी ग्रो-बॅग भिंतीलगत ठेवू नका. दुपारी भिंत आणि पिशवी दोन्ही तापतात आणि मूळ शिजतं. बाकी सगळं वरच्यासारखंच, फक्त मोर येत नाहीत.

खत कधी

नवी दोन पानं पूर्ण उघडेपर्यंत काहीही नाही. जखमी मुळाला खत म्हणजे उघड्या जखमेवर मीठ, आणि बहुतेक रासायनिक खतं रसायनाच्या भाषेत मीठच असतात. बारा-पंधरा दिवसांनी गोमूत्र दहापट पाण्यात, किंवा पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला दोन-तीन ग्रॅम, आठवड्याने एकदा.

किनाऱ्याकडे मिरचीला मासळीचं खत घालायची जुनी रीत आहे, आणि त्याने झाड पेटल्यासारखं वाढतं हे खरं. एका वर्षी मीही सुक्या तारल्यांचा चुरा प्रत्येक रोपाच्या बुडाशी घातला, तोही लावल्यावर पाचव्या दिवशी आणि वरच्यावर. रात्री वाड्यावरचे सगळे कुत्रे येऊन गेले. सकाळी एक ओळ अशी उकरलेली होती की नांगराने काय उकरावी. मासळी घालायची तर लावणीच्या महिनाभर आधी, वीतभर खोल, वर माती दाबून.

आच्छादन घालायचं तर रोप लागल्यावर घाला. पेंढा किंवा सुका पाला, देठापासून चार बोटं दूर. जांभ्याच्या जमिनीत वाळवी असतेच. सुका पाला देठाला टेकला की तिला पूल मिळतो.

लावल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत आलेल्या कळ्या खुडून टाका. हात धजत नाही, माहीत आहे.

नांगे

काही रोपं जाणारच. तीसमधली चार-पाच गेली तर मी त्याला चांगलं वर्ष म्हणते. गेलेल्यांच्या जागा भरणं म्हणजे नांगे भरणं, आणि ते दहा दिवसांच्या आत व्हायला हवं. उशिरा लावलेलं रोप आजूबाजूच्या वाढलेल्या झाडांच्या सावलीत खुरटतं. म्हणून तीस लावायची असतील तर छत्तीस करा. सहा कपातच, वाफ्याच्या कडेला, त्याच उन्हात आणि त्याच पाण्यावर ठेवा, म्हणजे त्यांची सवय वेगळी करावी लागत नाही. नांगा भरताना जुन्या रोपाची जागा आधी उकरून ते का मेलं ते बघा. अळी सापडली तर काढा. देठ पेल्यात लटकवून बघायची वेळ आली तर त्या जागी पुन्हा मिरची लावू नका. आणि सगळे नांगे भरूनही कप उरलेच, तर शेजारणीला द्या. आमच्याकडे या देवघेवीत मागच्या वर्षी दोन रोपांच्या बदल्यात एक फणस आला.